टिकलीची पाठवणी

ही गोष्ट खोटी निघाली, तर माझी मिशी त्या शेळीला खाऊ घाला. अर्धी तिने आधीच खाल्ली आहे.

श्रावणातली दुपार होती. शेगावहून वरवट बकालला येणारी बस. बाहेर रिपरिप, आत ओल्या छत्र्यांचा वास. मी मागच्या बाकावर. माझ्यापुढे दोन बाकं सोडून आमच्या गावचा, माझ्या शेजारचा धम्मदीप बसला होता. दोन एकर शेती, फावल्या वेळात मोटारपंपांची दुरुस्ती, आणि अंगात मित्राच्या लग्नासाठी घेतलेला कोराकरकरीत निळा शर्ट.

"अहो… ऐका ना…"

त्याने मान वळवली. आधी त्याला दोन डोळे दिसले, काळेभोर, ओशाळलेले. मग शेळी दिसली. आणि शेवटी त्या शेळीच्या तोंडातून लोंबणारी आपली बाही. क्रम असा पडला म्हणून त्याला राग आलाच नाही. आधी शेळी दिसली असती, तर ही गोष्ट तिथेच संपली असती.

"सॉरी हो… तिले निळा रंग लय आवडते."

"मलेही आवडते. खाऊ द्या."

"पण तुमचा शर्ट…"

"गरमच होऊन राह्यलं होतं. आता हवा लागते."

"आन् दुसरी बाही?"

"ते परतीच्या गाडीत."

ती हसली. ती हसली तेव्हा शेगावपासून बंद पडलेलं वायपर आपोआप चालू झालं. मी डोळ्यांनी पाहिलं. ड्रायव्हरला विचाराल तर तो नाही म्हणेल, पण त्याचं लक्ष समोरच्या खड्ड्यात होतं.

पोरीचं नाव समता. मूळची मेहकरची. शेतीचं अर्थशास्त्र शिकली आणि दोन वर्षं आफ्रिकेत, झांबियातल्या खेड्यांत राहून आली. तिथे तिने एक रीत पाहिली होती. एका घराला गाभण शेळी द्यायची, पैसा घ्यायचा नाही. अट एकच. तिला होणारं पहिलं मादी पिल्लू मोठं करून पुढच्या घराला द्यायचं, त्या घराने त्याच्या पुढच्याला. असं करता करता गावात घेणारा कुणी उरतच नाही, सगळे देणारेच होतात. तिथल्या मुतिंता नावाच्या म्हातारीने तिला आभार मानायलाही शिकवलं होतं. दोन्ही तळवे पोकळ करायचे, हलकीशी टाळी वाजवायची आणि म्हणायचं, "ट्वालुंबा." आम्ही आभारी आहोत.

हीच रीत एका लहानशा संस्थेतर्फे आमच्या गावात लावायला समता आली होती. पहिल्या काही घरांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. बाही खाणारी शेळी नेमकी धम्मदीपच्या नावावर निघाली. चिठ्ठ्यांचा डबा माझ्या हातात होता, पण त्याबद्दल मी काही बोलणार नाही. तिच्या पहिल्या पिल्लाचा मान पुढच्या घराला, म्हणजे गोधड्या शिवणाऱ्या नसीमाचाचीला.

शेळीचं नाव पडलं मास्तरीण, कारण ती माणसाकडे चष्म्यावरून पाहिल्यासारखं पाहायची. दर मंगळवारी समता तिला बघायला यायची. धम्मदीप सकाळपासून अंगण झाडायचा. त्या शर्टाची दुसरी बाहीही त्याने कोपरापर्यंत कापून घेतली होती, आणि दर मंगळवारी तोच शर्ट.

"चारा खाते?"

"खाते. पण तुम्ही येता त्या दिवशी जास्त खाते."

"अस्सं? आन् बाकीच्या दिवशी?"

"बाकीच्या दिवशी… रस्त्याकडे पाह्यते."

"शेळी?"

"…शेळीच."

समता ओठ दाबून मास्तरणीचे दात तपासू लागायची. मग तो विचारायचा, "चहा ठेवू?"

"नको."

दर मंगळवारी हेच. कधी आलं टाकतो म्हणाला, कधी गवती चहा. पाणीसुद्धा ती आपल्या बाटलीतलं प्यायची. हसायची, बोलायची, निघताना फाटकाशी जरा थांबायचीही… पण चहा नाही. पोरगं आतून खचायचं. आपल्या घरचा घोटभर चहा जिला नको, तिला आपण काय विचारणार?

भाद्रपदात मास्तरीण व्याली. पिल्लू मादी, काळंभोर, कपाळावर पांढरा ठिपका. टिकली. नसीमाचाची रोज चिंचेचा पाला घेऊन यायची आणि म्हणायची, "लाडाची रे माही. तुह्या घरी पाहुणी हाये, लक्षात ठेव."

तूर फुलली, टिकली दूध सोडून पाला खाऊ लागली. बाकीच्या घरांची पिल्लं पुढे गेली. प्रत्येक वेळी चावडीपुढे लहानसा कार्यक्रम व्हायचा. गाव त्याला पाठवणी म्हणू लागलं. राहिली एकटी टिकली. आणि त्याच सुमाराला बातमी आली. समताला झांबियातून परत बोलावणं आलंय. सगळी पिल्लं पोचली की तिचं इथलं काम संपलं.

तेव्हापासून टिकलीला रोग लागले.

"कान दुखते तिचा," धम्मदीप म्हणाला.

पुढच्या मंगळवारी, "मायची लय सवय हाये हो."

त्याच्या पुढच्या, "आज अमावस्या हाये ना."

"तुम्ही कधीपासून अमावस्या पाळू लागले?" समताने भुवई उचलली. भिंतीवरच्या बुद्धानेही तेव्हा किंचित डोळे उघडले, असं मला वाटलं.

"मी नाई… बकरी पाळते."

या वेळी ती हसली नाही. "धम्मदीप, काऊन देऊन नाई राह्यले तुम्ही?"

तो टिकलीचा कान चोळत बसला. ती काहीतरी बोलायला आली आणि थांबली. मग बाटली उचलून निघून गेली. फाटकाशीसुद्धा थांबली नाही.

मी कुंपणापलीकडेच होतो, बाज विणत. म्हटलं, "काऊन बे, त्या गरीब बाईची शेळी दाबून बसला?"

"बाबा," तो म्हणाला, "टिकली गेली का ती कशाले येईल?"

यावर माझी बाजेची वीण चुकली. माझ्या आयुष्यात असं दोनदाच झालंय.

दुसऱ्या दिवशी तो नसीमाचाचीच्या शिवणयंत्राची मोटार दुरुस्त करायला गेला. मागच्या दारी तिने कापसाच्या पऱ्हाट्यांचा गोठा बांधला होता. कोपऱ्यात जुन्या गोधडीचं अंथरूण. रिकाम्या गोठ्यात पाण्याचं घमेलं, काठोकाठ भरलेलं.

"रोज भरते," चाची म्हणाली. "काय भरवसा, आज आली तर? तहानेली यायची पोरगी."

धम्मदीपने मोटार जोडली. उलटी जोडली, यंत्र मागे धावू लागलं, पुन्हा खोलून नीट केली. आणि तडक समताला फोन लावला. "उद्या पाठवणी. तुम्ही या."

पौषातलं कोवळं ऊन, हवेत हरभऱ्याचा आंबट वास. टिकलीच्या गळ्यात झेंडूची माळ होती, ती तिने अर्ध्या वाटेत खाल्ली. चावडीपुढे धम्मदीपने दोरी नसीमाचाचीच्या हाती दिली. चाचीने तळवे पोकळ करून टाळी वाजवली. "टावलुंबा, बेटा!" टिकलीने तिच्या पदराचा वास घेतला आणि जणू तिथेच जन्मली होती अशी बिलगली.

रीत अशी की, देणाऱ्याने दोन शब्द बोलायचे. धम्मदीप उभा राहिला. अर्ध्या बाह्यांचा निळा शर्ट, रिकामे हात.

"मी उशीर केला. चाची, माफ कर. मले वाटलं, धरून ठेवलं का राह्यते. पण… हातात दोरी असली का टाळी वाजत नाई." मग समताकडे पाहिलं. "मॅडम, तुमी खुशाल जा झांबियाले. त्या मुतिंताबाईले सांगजा, तुह्या गावची एक रीत आमच्या गावात नांदून राह्यली. मी लय आभारी हाये. शेळीसाठीबी… आन् मंगळवारांसाठीबी."

आणि त्याने तळवे पोकळ करून हळूच टाळी वाजवली.

सगळं गाव समताकडे पाहू लागलं. मास्तरीणसुद्धा रवंथ थांबवून पाहत होती.

समता म्हणाली, "कोण जाते?"

"…म्हणजे?"

"तिथल्या लोकाइले मी मागच्या महिन्यातच नाई म्हणून सांगितलं. मले इथं शेळ्यांची दुसरी फेरी लावायची हाये." ती जवळ आली. आवाज उतरला, पण माझे कान शाबूत आहेत. "झांबियात संस्थेचा साहेब आला का गरीब घरं कोंबडी कापायची. ज्याच्याकडे साहेब जेवला, त्याच्याकडे शेळी आधी. म्हणून मी नेम केला… ज्याच्याकडे देणं बाकी, त्याच्या घरचा चहासुद्धा नाई. चहा नाई, तर बाकीचं कसं बोलू? केव्हाची वाट पाहून राह्यली मी, का हा बाबा कधी ते पिल्लू देते… आन् तुमचं आपलं कान दुखते, अमावस्या हाये!"

धम्मदीपचं तोंड उघडं ते उघडंच.

"तुमी… वाट…"

"आता काही बाकी नाई ना तुमच्याकडे?"

"नाई."

"मग चहा ठेवा," ती म्हणाली, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. "मास्तरणीच्या दुधाचा. आलं टाकून."

तो घराकडे असा धावला की वाटेत पायातली एक चप्पल मागे राहिली. ती समताने उचलली, आणि हातात घेऊन, सगळ्या गावादेखत, सावकाश त्याच्या मागे चालत गेली.

चहात त्याने आलं टाकलं, साखर विसरला. शेजारधर्म म्हणून एक कप कुंपणावरून माझ्याकडेही आला. इतका गोड चहा मी जन्मात प्यायलो नाही… आणि एवढं एक मात्र अगदी खरं सांगतोय.