हौदावरचा हसऱ्या

“घरात मी त्यांना दिवसातून दहा वेळा बोलते,” पोस्टमनकाकांची सून म्हणाली. “पण बाहेरच्यांनी त्यांना चोर म्हणायचं काम नाही.”

एवढं बोलून तिने पर्स मांडीवर घट्ट धरली. जणू सासरे तिच्यातच बसले होते.

वहिनींनी इस्त्री उभी ठेवून बटण बंद केलं. विमा कंपनीत बावीस वर्षं खोटे दावे हुडकून त्यांनी नोकरी सोडली होती, पण लोकांनी काही त्यांना सोडलं नव्हतं. कुणावर आळ आला की पावलं त्यांच्याच दाराकडे वळत. जोडीला त्यांचा धाकटा दीर. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांना सगळेच भावोजी म्हणत, दूधवालासुद्धा. भावोजींची नजर तीक्ष्ण होती; नजरेमागचं यंत्र मात्र जरा सावकाश तापायचं.

“पहिल्यापासून सांग,” वहिनी म्हणाल्या.

“तीस वर्षं घरोघर पत्रं टाकली त्यांनी. कुठल्या पुलाच्या कठड्यावर बेडूक कोरलाय, कुठला मैलाचा दगड उलटा बसवलाय, सगळं पाठ. रिटायर झाले आणि कॅमेरा घेऊन त्यांचे फोटो काढत सुटले. माणसांचे नाहीत हं! माझ्या मुलीचा वाढदिवस, आम्ही केक कापतोय, आणि हे फोटो काढतायत दाराच्या कडीचा.”

भावोजी हसले. वहिनींनी पाहिल्यावर थांबले.

दोन वर्षांपूर्वी काकांना दोन जोडीदार मिळाले होते: चौकातले औषधवाले आणि वाचनालयाच्या ग्रंथपालबाई. त्यांचा सगळ्यात लाडका शोध म्हणजे हसऱ्या. जुन्या रस्त्याच्या खाली, झुडपांत, घोड्यांना पाणी पाजायचा एक दगडी हौद होता. त्याच्यावर भिंतीत वीतभरही उंच नसलेला कोरीव चेहरा, कानापर्यंत हसणारा. जागा या तिघांनाच ठाऊक. वाचनालयात काकांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं, सरकारी पुरातत्त्व अधिकाऱ्यांनी हसऱ्याचा फोटो पाहिला आणि ‘सोमवारी पाहणी करून नोंद करू’ म्हणाले.

“सोमवारी सगळे गेले, तर हसऱ्याच्या जागी भोक,” सून म्हणाली. “शनिवारी दुपारी औषधवाल्यांनी फोटो काढला, त्यात तो जागेवर आहे. ग्रंथपालबाई बरोबर होत्या. तिथून औषधवाले परगावी, भाचीच्या लग्नाला. रविवारी बाबा एकटे गेले. मग राहिलं कोण? उद्या चार वाजता त्यांचं प्रदर्शन उतरवणार आहेत. चौदा वर्षांचे फोटो! दोन दिवस धड जेवले नाहीत हो ते.”

“रविवारी त्यांनीही फोटो काढला असेल?”

“काढला म्हणतात.” तिचा आवाज खाली आला. “दाखवत नाहीत.”

*

काका आतल्या खोलीतून आले ते भिंतीवरून हात फिरवत. भावोजींच्या दिशेने मान करून म्हणाले, “मीटर आतल्या बाजूला आहे.”

“मी मीटरवाला नाही,” भावोजी दुखावून म्हणाले. “आपण एका शाळेत होतो. तुम्ही दोन वर्ग पुढे.”

“अरे! मग आधी बोलायचं नाही का?”

सुनेने चहा आणला. काकांनी बशीची कड बोटाने चाचपली, मग कप उचलला. त्यांचा एक मोजा तपकिरी होता, एक निळा. “बघा,” सून म्हणाली, “असेच जातात बाहेर. लोक मला नावं ठेवतात.”

“रविवारी हसऱ्या होता?” वहिनींनी विचारलं.

“होता.”

“पाहिलात?”

“सतरा पायऱ्या उतरायच्या, डावीकडे नऊ पावलं, समोर हौद. तिथेच असतो तो. जाणार कुठे?”

“मग फोटो दाखवा ना.”

“खराब आलाय.” काका वहिनींच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे बघत राहिले.

रस्त्यावर येताच भावोजी म्हणाले, “वहिनी, सुनेला वाईट वाटेल, पण याच माणसाने केलंय. नजरेला नजर देत नाही. चोराच्या मनात चांदणं!”

“चांदणं दिसायलासुद्धा काही लागतं, भावोजी,” वहिनी म्हणाल्या आणि वाचनालयाच्या पायऱ्या चढू लागल्या.

*

ग्रंथपालबाई पुस्तकांना कव्हरं घालत होत्या. मागच्या भिंतीवर काकांचे फोटो ओळीने टांगलेले. उलटा मैलाचा दगड, बेडूक, भिंतीत बुजवलेलं दार. प्रत्येक फोटोत एक लाल पेन्सिल, मागे पितळी टोपण असलेली.

“पेन्सिल कशाला?” भावोजींनी विचारलं.

“वस्तू केवढी ते कळायला. काकांचा नियम आहे. सगळ्यांनी हीच पेन्सिल शेजारी ठेवायची. वस्तूला टेकवून, टोपण खाली आणि टोक वर.” त्यांनी खणातून एक डबी काढली. आत पेन्सिल होती, करंगळीएवढी उरलेली. “नोंदवहीत लिहायचंही हिनेच. टोक बोथट झालं की काका माझ्या अक्षरावरून बोलतात, म्हणून दर आठवड्याला मी टोक करून ठेवते. दुसरी आणा म्हटलं तर चिडतात. आधीच्या संपल्या, पोस्टातली ही शेवटची आहे म्हणे; दोन वर्षं हीच चाललीय.”

“शनिवारी काय झालं?”

“मी गाडीतच बसले. गुडघ्यांनी सतरा पायऱ्या होत नाहीत मला. औषधवाल्यांना पेन्सिल दिली. ते कमरेवर हात ठेवून खाली गेले आणि दोन-तीन मिनिटांत तसेच वर आले. गळ्यात कॅमेरा, हातात काही नाही. गाडीत बसताना कण्हले. म्हटलं, काय हो, वय झालं का? नुसते हसले.”

“हसऱ्या तुम्हाला हवा होता ना?” भावोजींनी एकदम बाण सोडला.

“हवा होता की! उघड म्हणायचे मी, त्याला इथे कोनाड्यात बसवा. काका दोन दिवस बोलले नव्हते माझ्याशी.” त्यांनी कव्हराची घडी नखाने दाबली. “पण तो चेहरा एवढासा असला तरी मागे हातभर दगड आहे भिंतीत. मला माझ्या पिशवीतली भाजी झेपत नाही.”

भावोजींनी तिघांचा अल्बम उघडला आणि हसऱ्याची पानं चाळू लागले. चित्रकलेचे शिक्षक ते, प्रमाण बघायची खोड. “गंमतच आहे,” ते पुटपुटले. “पहिल्या फोटोत हा पेन्सिलीपेक्षा लहान. तीन आठवड्यांपूर्वी काकांनी काढला त्यात पेन्सिल याच्या जेमतेम ओठांपर्यंत. हौदाच्या पाण्यात खत होतं की काय!”

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी ती दोन्ही पानं मागून घेतली.

*

औषधवाले कमरेला पट्टा बांधून गल्ल्यामागे उंच स्टुलावर बसले होते. मागच्या कपाटावर नव्या बंगल्याचा नकाशा चिकटवलेला. पुढे बाग, बागेत कारंजं.

“काकांबद्दल वाईट वाटतं हो,” ते म्हणाले. “पण एखाद्या गोष्टीवर जीव जडला की माणूस बहकतो.”

“कमरेला काय झालं?”

“लग्नात! रविवारी मांडवात नवरीची ट्रंक उचलली आणि चमक भरली. त्याआधी ठणठणीत होतो.”

त्यांनी शनिवारचा फोटो पुढे केला. हसऱ्या जागेवर, हनुवटीखालच्या कट्ट्यावर पितळी टोपणाची पेन्सिल उभी, कोपऱ्यात शनिवारची तारीख.

“सुरेख,” भावोजी म्हणाले. “पेन्सिल पार भुवयांपर्यंत, उजेड छान. हा खरा काढणारा!”

“हा उद्यापर्यंत नेऊ का?” वहिनींनी विचारलं. “आणि दुकान बंद कधी असतं हो? मला नेमकं बंद दिवशीच औषध लागतं.”

“गुरुवारी. गेल्या गुरुवारी तर मी दिवसभर घरी झोपून होतो,” औषधवाले म्हणाले. गेल्या गुरुवारचं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी चारला वाचनालयात फोटो उतरवायला शिडी लागली होती. औषधवाले खुर्चीत ताठ, ग्रंथपालबाई टेबलाशी, काका सुनेशेजारी. काकांचे दोन्ही हात काठीवर होते.

“शिडी राहू दे तशीच,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी टेबलावर तीन फोटो ठेवले. “भावोजी, पेन्सिलीचं टोक कुठे पोचतं ते सांगा. हा पहिला, दोन वर्षांपूर्वीचा.”

“डोक्याच्याही वर.”

“हा काकांचा, तीन आठवड्यांपूर्वीचा.”

“ओठांपर्यंत.”

“आणि हा औषधवाल्यांचा, शनिवारचा.”

“भुवयांपर्य…” भावोजी थांबले. यंत्र तापलं. “अहो वहिनी! हसऱ्या वाढत नव्हता! पेन्सिल झिजत होती!”

“दगड वाढत नाही, भावोजी. टोक काढलं की पेन्सिल कमी होते. मग तीन आठवड्यांपूर्वी ओठांपर्यंत पोचणारी पेन्सिल शनिवारी भुवयांपर्यंत गेली कशी?”

औषधवाल्यांनी कमरेचा पट्टा सारखा केला.

“दुसरी पेन्सिल असेल,” औषधवाले म्हणाले.

“दुसरी?” ग्रंथपालबाई उसळल्या. “मी तुमच्या हातात दिली शनिवारी, ही, एवढीशी! आणि फोटोतही हेच टोपण आहे.”

“हा फोटो वर्षभर जुना आहे,” वहिनी शांतपणे म्हणाल्या. “कॅमेऱ्यात तारीख आपणच भरतो; जी भरू ती छापून येते. शनिवारी तुम्ही नवा फोटो काढला नाहीत, कारण काढायला हसऱ्या उरलाच नव्हता. तो तुम्ही गुरुवारी नेलात. अधिकारी सोमवारी येऊन नोंद करणार, मग तो कुणाचाच झाला नसता. शनिवारी बाईंना मुद्दाम बरोबर नेलंत. ज्यांना पायऱ्या उतरता येत नाहीत, पण तुम्ही रिकाम्या हातांनी वर आलात हे ज्या शपथेवर सांगतील, अशा साक्षीदार. त्यांनी ते सांगितलंही. फक्त जाताना-येताना तुमचा हात कमरेवर होता, हेही सांगितलं. रविवारी ट्रंक उचलून भरलेली चमक शनिवारीच दुखत होती?”

औषधवाल्यांचा चेहरा उतरला. पण बुडत्याला काडीचा आधार. त्यांनी ती पकडली.

“मग हे का म्हणतात रविवारी हसऱ्या होता? विचारा ना! गुरुवारीच गेला तर यांनी पाहिला काय? यांचा फोटो कुठाय?”

सगळे काकांकडे वळले. वहिनींनी मान खाली घातली. याचं उत्तर त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि ते त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगायचं नव्हतं.

काका उठले. टेबलाची कड चाचपून उभे राहिले.

“मला दिसत नाही,” ते म्हणाले.

“बाबा?” सून म्हणाली.

“वर्ष झालं. आधी धुकं होतं, आता नाकापलीकडे नुसतं पांढरं. पायऱ्या मोजून जातो, हाताने ओळखतो. रविवारी हौदासमोर उभा राहिलो, अंदाजाने फोटो काढला. पायाखाली ओलं होतं म्हणून भिंतीपर्यंत गेलो नाही. नाहीतर हातालाच कळलं असतं. सोमवारी सगळ्यांनी विचारलं, होता ना? होता म्हणालो. दोनशे वर्षं होता, एका रविवारी नसेल असं का वाटेल? रात्री फोटो भिंगाखाली डोळ्याला लावून पाहिला, तर भोक. तोवर शब्द गेला होता.”

“मग तेव्हाच सांगायचं!”

“काय सांगायचं? दिसत नाही म्हटलं असतं तर तू उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतंस. होता म्हटलं तर चोर.” काका किंचित हसले. “चोर बरा वाटला.”

ग्रंथपालबाईंनी चष्मा काढून पुसला. भावोजींना मीटरवाला आठवला आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

“दगड कुठे आहे?” वहिनींनी विचारलं.

“बागेत. ताडपत्रीखाली,” औषधवाले म्हणाले. मग एकदम तावाने, “पण मी त्याला फोडला नाही, विकला नाही! कारंज्यावर बसवणार होतो. तिथे काट्याकुट्यांत कोण बघतंय त्याला?”

“मी बघत होतो,” काका म्हणाले.

ग्रंथपालबाई पुरातत्त्वच्या अधिकाऱ्यांना फोन करायला आत गेल्या आणि जाता जाता शिडीही ओढत घेऊन गेल्या.

सून अजून तशीच बसली होती. आता ही काकांची हजेरी घेणार, म्हणून भावोजींनी अंग चोरलं.

“वेगवेगळे मोजे घालत होतात,” ती म्हणाली, “आणि मी लोकांना दाखवत होते.” पदराने नाक पुसून ती नेहमीच्या आवाजावर आली. “उद्या डोळ्यांचे डॉक्टर. नाही म्हणायचं नाही.”

“बरं.”

“तो कॅमेरा माझ्याकडे द्या. पडेल कुठेतरी.”

काकांनी गळ्यातला पट्टा काढला. काढताना त्यांना जरा वेळ लागला. कॅमेरा तिच्या हातात ठेवून ते उभे राहिले. शाळा सुटल्यावर कुणी न्यायला आलं नाही की मूल उभं राहतं तसे.

तिने कॅमेरा उलटसुलट करून पाहिला.

“याचं बटण कुठलं?” तिने विचारलं. “आणि रविवारी जरा उशिरा निघू हं, बाबा. मला सतरा पायऱ्या चढायची सवय नाही.”