चर्चच्या दाराची कडी

बुधवारी दिवेलागणीला संजीवनीबाई निघाल्या होत्या वाटीभर मऊ भात द्यायला. परदेशात, वुडलँड्सच्या त्या ब्लॉकमध्ये बाराव्या मजल्यावर समोरासमोर दोनच मराठी घरं, त्यामुळे शैलाकडे काय शिजलं, काय करपलं, हे त्यांना शैलाआधी कळायचं.

शैलाच्या दारावर एक लोखंडी कडी होती, सिंहाच्या तोंडात अडकवलेली. तिचा नवरा प्रबोध जहाजावर इंजिनिअर. त्यानं ती इंग्लंडातून आणलेली. बंदराजवळच्या खेड्यात म्हणे सातशे वर्षांचं चर्च, मुळात तो साधूंचा मठ. दार बदललं तेव्हा कडी भंगारात निघाली.

"वहिनी, तिकडचा जुना नियम. मागे कुणी लागलेल्या माणसानं ही धरली, की चाळीस दिवस त्याला हात लावायचा नाही," तो तेव्हा संजीवनीबाईंना म्हणाला होता. "तेवढ्यात समुद्र ओलांडून गेला, की सुटला."

"मग आमच्या ह्यांना दाखवू नका. माझ्यापासून सुटायला बघतील!"

किती हसले होते सगळे.

पुढे प्रबोधचं लिव्हर गेलं. नोव्हेनाच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. त्या शनिवारी संध्याकाळी शैलानं त्याला लिफ्टपासून जवळजवळ ओढतच आणलं आणि त्याची पिवळी बोटं कडीभोवती वळवली. "धरा हो... घट्ट धरा..."

आठवडाभराचा सोबती म्हटलेला माणूस टिकला. पेज मागू लागला. विमानात बसण्याइतकं बळ यायला मात्र पाच आठवडे गेले. मायदेशी जायचं तिकीट मिळालं गुरुवार सकाळचं.

"उद्या चाळिसावा," शैला बुधवारी दुपारी म्हणाली होती. तिचे डोळे खोल गेले होते. "आजची रात्र काढायची, वहिनी. रोज तिन्हीसांजेला दाराबाहेर कुणीतरी येऊन उभं राहतं..."

ते संजीवनीबाईंनाही ठाऊक होतं. दाराच्या भिंगातून त्या रोज पाहायच्या. दिसायचं काही नाही, वास यायचा. ओल्या घोंगडीचा, विझलेल्या मेणबत्तीचा. ह्या उकाड्यात पायाला गार दगडाचा स्पर्श व्हायचा.

त्या संध्याकाळी वाटी घेऊन त्यांनी दार उघडलं, तर तो उभा होता. उंच, पाठमोरा, डोक्यावरून जाड लोकरी कापड. त्यातून पाणी ठिबकत होतं.

घाबरल्या तरी संजीवनीबाईंची जीभ कधी थांबलीये?

"निघा इथून! त्याचे दिवस बाकी आहेत अजून!"

"किती झाले...?" त्यानं मागे न वळता विचारलं. कुठल्या भाषेत विचारलं, ते त्यांना नंतर कधीच आठवलं नाही.

त्यांनी घाईघाईनं बोटांची पेरं मोजली. आपल्याकडे मोजतात तशी, पहिला दिवस धरून. शनिवार एक, रविवार दोन... मोजता मोजता त्या मोठ्यानं बोलून गेल्या, "चाळीस."

शैला मोजायची रविवारपासून. कडी धरली तीच मुळी शनिवारच्या संध्याकाळी, म्हणून.

"नाही... थांबा हो, चुकलं माझं, एकोणचाळीस..."

कॉरिडॉर रिकामा होता. आतून शैलाची किंकाळी आली.

सगळं आटोपून शैला एकटीच गेली. जाताना तिनं संजीवनीबाईंना मिठी मारली. "तुमचा केवढा आधार झाला, वहिनी."

समोरच्या घराला आता कुलूप आहे. पण कडी खाली लोंबत नाही. त्या बुधवारपासून ती आडवी उचललेली आहे, प्रबोधनं त्या शनिवारी धरली होती तशी, जणू घट्ट मुठीत. वास अजून येतो. रोज दिवेलागणीला संजीवनीबाई भिंगाला डोळा लावतात आणि दोन्ही हात तोंडावर दाबून मनातल्या मनात मोजतात, पहिला दिवस न धरता.

आज अडतीस झाले. आणि मघापासून ती कडी थरथरते आहे.