राखाडी ठिपका

“ही पट्टी कापायला किती वेळ लागतो?”

हे त्याचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. बाहेर खमसीन वाऱ्याची धूळ उडत होती, शुक्रवारची नमाज नुकतीच सुटली होती, आणि ‘फराशा’ खेळघराच्या दारात मुलांच्या बुटांचा ढीग पडला होता. त्याच्या पापण्यांवरही धूळ होती. एका हातात सहा वर्षांच्या मुलीचं मनगट, दुसऱ्या हाताच्या बोटांत तिच्या मनगटावरची पिवळी पट्टी... आणि ती तो ओढून बघत होता.

नस्र सिटीतल्या मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं खेळघर आहे. आत येणाऱ्या प्रत्येक मुलाला पिवळी पट्टी आणि त्याच्या माणसाला हिरवी. दोन्हींची जोडी जुळवलेली. पट्टी सतत बारीक संदेश सोडते, छतात लावलेले डबे तो पकडतात आणि मूल कुठे आहे ते काढतात. माझ्या पडद्यावर मग एकेक मूल म्हणजे एकेक ठिपका. आपल्या हिरव्याला सोडून एखादा पिवळा दाराकडे निघाला की दार बंद होतं. मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन वर्षभरापूर्वी इथे लागले. माझं काम एकच, ठिपक्यांना खोटं बोलू द्यायचं नाही.

“कशाला कापायची आहे?” मी विचारलं.

“मला नाही. दुसऱ्या कुणाला कापायची असेल तर...”

“असं विचारणारे सगळे दुसऱ्याचंच नाव सांगतात. कापली की घंटा वाजते.”

“आणि घंटा वाजल्यावर?”

“सब्रीकाका येतात.”

त्याने दारावरच्या सब्रीकाकांकडे पाहिलं. साठी उलटलेले, हातात तिरमिसच्या दाण्यांची पुडी. “मग काळजीच मिटली,” तो म्हणाला.

तो आत गेल्यावर मी काकांना म्हटलं, “याच्यावर लक्ष ठेवा.”

“अगं, तो हाझेम. पोरीचा मामा,” काका म्हणाले. “लुजैनचे आईबाप वेगळे झालेत. कोर्टानं बापाला आठवड्यातून तीन तास भेट दिलीय. बाकीचे क्लबात भेटतात, यांनी पट्ट्यांमुळे इथलं ठरवलं. आईला बापाचं तोंड बघायचं नाही, म्हणून मामा आणतो.”

लुजैनच्या जोडीची हिरवी पट्टी मामाच्या हातात होती. एहाबला, म्हणजे तिच्या बापाला, नुसती पांढरी. मामाशिवाय मुलगी दाराबाहेर जाऊ शकत नव्हती. आणि तरीही हा मामा येऊन बसला तो माझ्या टेबलाशेजारी, पडद्याला डोळे लावून.

“मूल समोर खेळतंय,” मी म्हटलं. “ठिपका काय बघता?”

“मूल ओळखीचं आहे. ठिपका नाही.”

“तुमचा धंदा काय?”

“विमा कंपनीत आहे. लोक सांगतात, गाडी खांबाला धडकली. मी जाऊन खांबाला विचारतो.”

“खांब बोलतो?”

“माणसांपेक्षा बरा.”

पुढच्या शुक्रवारी त्याने खालून पुदिन्याचा चहा आणला. दोन ग्लास. मी माझ्या ग्लासाकडे नुसतीच बघत राहिले.

“लाच आहे का?”

“चहा आहे. लाच असती तर बरोबर खायलाही काही असतं.” मग घोट घेत, अगदी सहज सांगितल्यासारखं, “तुम्ही एहाबच्या कुणी लागता का, इंजिनीअरबाई? तो तुम्हाला नावानं हाक मारतो.”

“माझ्या छातीवर नावाची पाटी आहे. वाचता येत असेल तर तुम्हीही मारू शकता.”

त्याने पाटी वाचली. “रदवा,” तो हळूच म्हणाला. जसा गाडीचा नंबर पडताळून बघतात, तसा. पण मग त्याने ते पुन्हा एकदा म्हटलं... आणि तेवढ्यात पडद्यावर कुठल्याशा मुलाने घसरगुंडीवरून उलटं चढायला सुरुवात केली म्हणून बरं. मला बघायला काहीतरी मिळालं.

असे शुक्रवार जात होते. मी त्याच्यावर संशय घ्यायची, तो एहाबवर, एहाबवर नसेल तेव्हा माझ्या यंत्रावर. आणि चहा दर वेळी दोन ग्लास. एकदा मी उशिरा पोचले, तर माझा ग्लास बशीने झाकलेला होता. हेही मला संशयास्पदच वाटलं, पण वेगळ्या तऱ्हेने.

मग एका शुक्रवारी त्याने पडद्यावर बोट ठेवलं.

“हे काय?”

भेट संपत आली होती. फोमच्या गुहेतला लुजैनचा पिवळा ठिपका राखाडी झाला होता. राखाडी म्हणजे पट्टी ऐकू येत नाही. आणि जी पट्टी ऐकू येत नाही, तिच्यासाठी दारही बंद होत नाही.

“येईल परत,” मी म्हटलं. आला.

“मागच्या वेळीही झालं होतं. त्याच्या मागच्या वेळीही. दर खेपेला तोच कोपरा, तोच माणूस.” त्याचा आवाज खाली आला होता. “बाकी कुणाचं मूल असं गायब होतं?”

होत होतं, पण क्षणभर. इतका वेळ कुणाचंच नाही. मला ते आधीच दिसलं होतं. मी बोलले नव्हते, कारण त्यामागचं कारण सापडलं नव्हतं.

“माझ्या बहिणीचा वकील रविवारी अर्ज करतोय,” हाझेम म्हणाला. “बाप पट्टी गप्प करायची युक्ती शोधतोय, एक दिवस पोरीला घेऊन जाईल. भेटी बंद करा. मला तुमच्या यंत्रातली नोंद हवी.”

नोंद खरी होती. दिली असती तर कुणी मला खोटारडी म्हटलं नसतं, आणि लुजैनचे शुक्रवार संपले असते.

“आधी मला बघून येऊ द्या,” मी म्हटलं.

“तुम्ही त्याला सावध करणार?”

“तुम्ही इथेच बसा. माझा ठिपका बघत राहा.”

मोजे घालून मी गुहेच्या बोगद्यात शिरले. लहान मुलांसाठी केलेला बोगदा, कोपरं खरचटली. मनात आलं, एहाबच्या कोटात जस्ताचा पत्रा असेल, नाहीतर एखादं यंत्र. वळणावर डोकं काढलं आणि थांबले.

एहाब गुडघे दुमडून कोपऱ्यात बसला होता. लुजैन त्याच्या मांडीवर, दोन्ही हात त्याच्या आणि स्वतःच्या पोटामध्ये दाबलेले, आणि त्याचे हात तिच्याभोवती. जायची वेळ जवळ आली होती आणि ते दोघांनाही माहीत होतं.

मी आवाज न करता मागे सरकले.

बाहेर हाझेम उभाच होता. “काय सापडलं?”

“पाणी,” मी म्हटलं.

“काय?”

“पट्टीचा संदेश पाण्यात शोषला जातो. माणूस म्हणजे बरंचसं पाणीच. गुहेच्या त्या कोपऱ्याला छतातला एकच डबा ऐकतो. दोन माणसांच्या मध्ये पट्टी घट्ट दाबली गेली की तोही बहिरा.” तो माझ्याकडे, खांबाने खोटं सांगितल्यासारखा बघत होता. “विश्वास नाही ना? या.”

लुजैन बापाबरोबर मक्याचं कणीस खायला गुहेबाहेर आली, तशी मी एक जादा पिवळी पट्टी हाझेमच्या मनगटावर चढवली. मनगट माझ्या हातात जरा जास्तच वेळ राहिलं. पट्टीचं बक्कल घट्ट आहे, इतकंच. मग पिण्याच्या पाण्याची मोठी बाटली त्याच्या हवाली केली आणि त्याला त्या कोपऱ्यात बसवलं.

“मिठी मारा,” मी पडद्याजवळून ओरडले.

“कुणाला?”

“बाटलीला. हात मध्ये घेऊन.”

चार-पाच पोरं जाळीला नाक लावून उभी राहिली. एकीने विचारलं, “काका, ती तुमची बायको आहे?”

“अजून ठरायचंय,” हाझेम गुहेतून म्हणाला.

ठिपका राखाडी झाला. मी पडदा वळवून त्याला दाखवला.

“बाटलीत दोष असेल,” तो म्हणाला.

“ओता पाणी. रिकामी धरा.”

रिकाम्या बाटलीला त्याने तशीच मिठी मारली. ठिपका पिवळाच राहिला. पुन्हा भरली, पुन्हा राखाडी. तिसऱ्यांदा मी सांगितलं नसतानाही त्याने करून पाहिलं. मग शर्ट भिजलेला, केसांना फोमचे कण, असा तो येऊन खुर्चीवर बसला.

“म्हणजे एवढा वेळ तो तिला...”

“हो.”

बराच वेळ तो दूरवर कणीस खाणाऱ्या त्या दोघांकडे बघत होता. ठिपक्याकडे नाही.

“नोंद हवी असेल तर देते,” मी म्हटलं. “खाली बाटलीचंही लिहून.”

“नको. बहिणीला, नर्मीनला, मीच सांगतो. ती म्हणेल, इंजिनीअरबाईनं तुला फितवलं.”

“फितवलं का?”

त्याने मान वर केली. “तपास चालू आहे,” तो म्हणाला, पण नजर काढून घेतली नाही.

नंतरच्या शुक्रवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दोन्ही वेळा लुजैनला तिची आई घेऊन आली: उंच, काळा चष्मा, ओठ मिटलेले. तिसऱ्या शुक्रवारी तिने माझ्या टेबलाशी गुहेकडे पाठ करून खुर्ची ओढली आणि मला न्याहाळलं.

“तूच ती बाटलीवाली?”

“हो.”

“माझा भाऊ आईनं केलेल्या मुलुखियाच्या भाजीतही खोट काढतो. तो घरी येऊन म्हणाला, एहाब पोरीला नुसतं धरून बसतो, अर्ज करू नकोस. मी म्हटलं, तुझी चूक होतेय. म्हणाला, मग स्वतः जाऊन बघ.” तिने चष्मा काढला. डोळे सुजले होते. “बघितलं मागच्या वेळी. अर्ज नाही करत. आता दर शुक्रवारी मीच येईन.”

मी मान डोलावली. लुजैनसाठी मला खरंच आनंद झाला. फक्त टेबलावर चहाचा एकच ग्लास होता, आणि तो मीच आणला होता.

“तुला बरं वाटत नाही का?” नर्मीनने विचारलं.

“धूळ फार आहे आज.”

“हं. दारात जाऊन बघ जरा. तुझ्या काकांनी कुणाला तरी अडवून ठेवलंय.”

दारात सब्रीकाका दोन्ही हात पसरून उभे होते. “मूल नाही तर आत नाही,” ते कुणाला तरी बजावत होते. “एकट्या माणसाचं इथे काय काम? मागे बहिणीच्या मुलीबरोबर यायचास, ते वेगळं.”

“काका, तेच सांगतोय,” हाझेम म्हणाला. नवीन शर्ट, दाढी केलेली, आणि हात कुठे ठेवायचे ते त्याला सुचत नव्हतं. “माझं इथे काही काम नाही. हीच अडचण आहे.”

“काय झालं?” मी विचारलं.

“दोन शुक्रवार घरी बसलो,” तो म्हणाला. “मी समजत होतो, मी लुजैनसाठी येतो. दावा खोटा निघाला.”

“पुरावा?”

“नाही. काहीच नाही.” त्याने श्वास घेतला. “आयुष्यात पहिल्यांदा पुराव्याशिवाय बोलतोय, रदवा... म्हणून जरा अडखळतोय. तुमच्या वडिलांची वेळ मिळेल का? मी आईला घेऊन येईन.”

“आधी पोरीला विचार, गाढवा,” काका म्हणाले. “मग बापाला.”

“तेच चाललंय, काका.”

त्याच्या म्हणण्यात काय खोट असेल, ते मी शोधून पाहिलं. सवयच आहे ती. डोळे, आवाज, तळहात पुसून पुसून ओला झालेला रुमाल... काही सापडेना.

“सोमवारी,” मी म्हटलं. “मगरिबच्या नमाजनंतर. आणि मिठाई म्हणून कुनाफा आणू नका. येणारे सगळे तोच आणतात, बाबा कंटाळलेत.”

त्याचा चेहरा उजळला. मग हळूहळू भुवया एकत्र आल्या.

“येणारे सगळे,” हाझेमने विचारलं, “म्हणजे नक्की किती?”