तटस्थ नजर

"अहो, थांबा! ती साखर नाही!"

चमचा कपाच्या तोंडाशी आला होता. ती दचकली. चहाच्या टेबलावर पांढऱ्या भुकटीची बरणी – कुणीही फसलं असतं.

"दिसते तर साखरच."

"चवीलाही गोडच आहे. पण ती... माझ्या उंदरांची आहे. विसरलो इथेच."

"म्हणजे उंदरांच्या तोंडचा घास काढत होते म्हणा की मी!"

त्याचे कान लालबुंद झाले. तिने ते बरोबर टिपलं. बारीक पाहण्याचाच तर तिला पगार होता. दातांच्या मुळांच्या स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला ती त्याच्या प्रयोगशाळेत आजच रुजू झाली होती.

वाकडे दात सरळ करायला तारा लावल्या की ते सरकतात, पण कधीकधी मुळंच झिजतात. त्याच्या बहिणीची झिजली, पुढचे दात गेले. ती अजून तोंडावर हात धरून हसायची. साखरेसारखं दिसणारं हे पोषक द्रव्य मुळं वाचवेल, या आशेवर तो उंदरांच्या दातांना इवल्या स्प्रिंगा बसवायचा – बाळाची नखं कापावीत तशा हळुवार हाताने. दारातून पाहताना तिचं भान हरपायचं.

कुठल्या उंदराला द्रव्य, कुठल्याला नुसतं पाणी, हे तिला कळू द्यायचं नाही, असा नियम होता. नजर तटस्थ हवी!

एका दुपारी ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"मला या कामातून काढा."

"का? काही चुकलं?"

"अजून नाही... पण चुकेल. आज एका मुळावर झिजेचा खड्डा दिसला, आणि वाटलं, नसेलच तो."

"निकाल चांगला यावा, असं सगळ्यांनाच वाटतं."

"मला निकालाचं नाही... तुमचं वाटतं."

त्याने हातातली स्प्रिंग खाली ठेवली. आता सगळी तपासणी बाद. नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून.

"खड्डा लिहिलात?"

"लिहिला. दिसला तेवढा."

तो तिच्याकडे पाहतच राहिला. "दुसरं कुणी असतं, तर गुपचूप बसलं असतं."

"तुमचे कष्ट वाया घालवले मी."

"घालवले? वाचवलेत." त्याने स्टूल पुढे ओढलं. "बसा ना. तुमच्याशी दोन शब्द बोलायचीही चोरी होती मला. तपासणाऱ्यावर छाप पाडायची नाही, हा नियम माझाच!"

"आणि आता?"

"आता तुम्ही तपासणाऱ्या कुठे आहात?"

"मग बोला की..."

आणि तो बोलत सुटला – दातांबद्दल अवाक्षरही न काढता.