कोऱ्या पानावरची सही

हजर: मी. तो. त्याची टपकणारी छत्री.

"ठरावाची प्रत हवी होती," तो म्हणाला.

त्याच्या वडिलांच्या बुक-बाइंडिंगच्या कारखान्याची जागा आमची कंपनी विकत घेत होती. कंपनीला स्वतःचे हात नसतात. खरेदीखतावर सही आमचा मॅनेजर करणार, आणि तो अधिकार त्याला संचालकांनी मीटिंगमध्ये ठराव करून द्यायचा. ठराव वहीत लिहून त्याची प्रत माझ्या सही-शिक्क्यानिशी द्यायची, हे माझं काम.

"मीटिंग झाली नाही अजून. परवा या."

तो माझ्या वहीकडेच बघत होता. "शिवण सुटलीय. कोणी छळलं हो?"

"वहीला?"

"…आधी वहीचं सांगा."

मी हसू दाबत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सह्यांचं रजिस्टर पुढे सरकवलं. पठ्ठ्याने भलत्याच, कोऱ्या पानावर पेन टेकवलं.

"अहो! कोऱ्या पानावर सही करायची नसते. वर कोणी काहीही लिहील."

"तुम्ही काय लिहाल?"

हजर: तेच दोघे. त्याची चौथी खेप. गुरुवार.

"उद्या सकाळी दहाला नोंदणी आहे. बाबांनी यंत्रंसुद्धा हलवली… मामाच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली."

"मीटिंग उद्या दुपारी आहे."

"म्हणजे राहिलं?"

तो चेहरा मला बघवेना. ठराव काय, दरवेळी मंजूर होतातच. मी प्रत टाइप केली. तारीख कालची टाकली. सही केली.

"पण मीटिंग तर—"

"माहीत आहे. न्या."

त्याने खिशातून सुई-दोरा काढला आणि उभ्याउभ्या माझी वही शिवून दिली. जाड, मेण लावलेला दोरा. दाताने तोडला.

शुक्रवार. सकाळी खरेदीखत झालं. दुपारी दोन संचालक हमरीतुमरीवर आले, एक उठून गेला, कोरम मोडला. ठराव झालाच नाही.

पुढच्या महिन्यात नवे संचालक आले. मॅनेजरला सहीचा अधिकारच नव्हता, म्हणाले. सौदा रद्द, पैसे परत द्या. त्या पैशांतून त्याच्या आईचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन कसं परत करणार? कारखान्याला कोर्टाचं कुलूप लागलं. शेडमध्ये यंत्रं गंजत राहिली.

हजर: आम्ही. कोर्टाच्या व्हरांड्यातला बाक.

तारखेमागून तारीख पडत गेली, आणि त्या बाकावर कधीतरी 'अहो'चं 'ए' झालं. डबा एक झाला. एकदा माझा डोळा लागला तर डोकं त्याच्या खांद्यावर होतं… तासभर तो हलला नाही म्हणे.

त्याच्या वकीलबाई म्हणाल्या, "प्रतीवर विश्वास ठेवला म्हणालात, तर जिंकाल. मीटिंग झाली नाही हे ठाऊक होतं म्हणालात, तर हराल."

त्या गेल्यावर मी म्हटलं, "सांग ना, माहीत नव्हतं."

"म्हणजे तू मला फसवलंस, असं सांगू?"

"हो."

"वेडी आहेस का? नोकरी जाईल तुझी."

"खोटी तारीख मीच टाकली. जायलाच हवी."

"आणि आपण?"

मी बाकाच्या रंगाचे पोपडे काढत बसले.

मी शपथेवर सांगितलं, त्याला माहीत नव्हतं.

मग साक्षीला तो उभा राहिला. मागे त्याचे बाबा होते. बोटांना आता गोंद नव्हता, तरी ते नखं खरवडत होते.

"या बाईंना ओळखता?" कंपनीच्या वकिलाने विचारलं.

"…कामापुरतं."

"मीटिंग झालेली नाही, हे त्यांनी सांगितलं होतं?"

तो खिडकीकडे बघत राहिला.

"नाही."

ते जिंकले. माझी नोकरी गेली. कंपनी अपिलात गेली. वकीलबाईंनी दोघांनाही बजावलं, अपील संपेपर्यंत भेटायचं नाही. फसवणारी आणि फसलेला एका छत्रीत दिसले, तर सगळंच मुसळ केरात. अपील म्हणजे चार वर्षं… सहा…

हजर: मी.

आज पार्सल आलं. नवी शिवलेली वही. चिठ्ठी नाही. तोच जाड, मेणाचा दोरा. पहिल्या पानावर, अगदी तळाशी, त्याची सही.

वर सगळं पान कोरं.

मी पेन उघडलं. काय लिहायचं ते कधीचं पाठ होतं… खाली माझी सही, शेजारी तारीख.

पेन मिटलं.

या वेळी आधीची तारीख टाकणार नाही. मीटिंग होऊ दे.