झाकण कोणी लावलं?

हे रचलेलं नाही. रचायचं असतं, तर मी अमावास्येची रात्र घेतली असती. हे घडलं रविवारी, भर दुपारी, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात. माझ्या थोरल्या बहिणीच्या ऑफिसात.

ताई एका अवकाश दुर्बिणीच्या कंट्रोल रूममध्ये कामाला होती. दुर्बीण वर आकाशात, ताई खाली खुर्चीत. लहान, थंड ताऱ्यांवर डोळा ठेवायचा, एवढंच काम.

थंड आपले नावाला! त्यांच्या चुंबकीय क्षेत्राचा पीळ सुटला, की अंगात आल्यासारखे भडकतात. आधी अतिनील किरणांचा लोट येतो, मागून क्ष-किरणांचा. क्ष-किरण आले की स्पीकरवर टिकटिक व्हायची. पण टिकटिक वाढेपर्यंत उशीर झालेला असायचा. आधीच्या लोटानंच अतिनील कॅमेरा जळू शकायचा.

त्याचं झाकण आपोआप लागायची सोय कधीच बिघडली होती. आणि कॅमेरा गेला, की दुर्बीण गेली.

ताईचे वरिष्ठ, अण्णा, यांना मात्र आधीच कळायचं. कसं, देव जाणे. टेबलावर बोटानं तीनदा वाजवायचे, म्हणायचे, "चला, झाका!" आणि बटण दाबायचे.

गेल्या वर्षी अण्णा तिथंच, आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्यांच्या जागी कोणाला घेतलं नाही. दोघांचं काम ताईच्या गळ्यात पडलं.

"सोड ना ती नोकरी," मी म्हणायचो.

"सोडते रे. पण दुर्बीण जळली तर? अण्णांनी जीव ओतलाय तिच्यात."

त्या दुपारी ताईच्या डोळ्यांवर झापड आली होती. सोबतीचा ऑपरेटर, ज्याला सगळे चष्मिस म्हणतात, चहा आणायला गेला होता. स्पीकरवर संथ टिक... टिक... चालू होती. ताईनं टेबलावर डोकं टेकलं.

आणि...

टक. टक. टक.

ताई दचकून उठली. खोलीत कोणी नव्हतं. अण्णांची खुर्ची रिकामी होती.

पडद्यावर लिहून आलं होतं... झाकण बंद.

मग टिकटिक वाढू लागली. वाढली, वाढली, आणि शेवटी सलग खरखर झाली. इतका मोठा भडका ताईनं आजवर पाहिला नव्हता.

चष्मिस धावत आला. "ताई, वाचवलंत! कसं कळलं?"

"मी नाही लावलं."

त्यानं पडद्यात डोकं घातलं. हुकूम अण्णांच्या टेबलावरच्या मशीनवरून गेला होता.

त्या मशीनची वायर अण्णा गेले तेव्हाच काढून ठेवली होती.

ताई घाबरली नाही. रडली. "मेल्यावरसुद्धा माणसाला सुटका नाही रे," ती मला म्हणाली. "मला नाही असं अडकायचं." दुसऱ्याच दिवशी तिनं राजीनामा दिला आणि माझ्याकडे राहायला आली.

आली ती झोपलीच. जेवायची, पुन्हा झोपायची. मला बरंच वाटलं. बिचारीचा जीव किती शिणला होता!

मग अशाच एका दुपारी चष्मिसचा फोन आला.

"ताई परत रुजू झाल्या? सांगितलं नाहीत."

"छे! का रे?"

"मग इथं कशा? मघापासून खुर्चीत बसल्यात, पाठमोऱ्या. हाक मारली तर ओ देत नाहीत. रागावल्यात का माझ्यावर?"

मी फोन कानाला धरूनच तिच्या खोलीत गेलो. ताई कुशीवर झोपली होती. गाढ.

मी हुश्श केलं...

तेवढ्यात तिचं बोट हललं. पलंगाच्या लाकडावर.

टक. टक. टक.

"चला, झाका," ती झोपेत पुटपुटली.

"हं, लावलं बघा त्यांनी झाकण," फोनवर चष्मिस म्हणाला. आणि त्याच्या आवाजामागे मला टिकटिक ऐकू आली... वाढत जाणारी.

तिला उठवायचं धाडस मला झालं नाही. अजूनही होत नाही.

संध्याकाळी ती आपणहून उठते. डोळे तांबारलेले. चहाचा कप हातात घेते आणि रोज तेच म्हणते, "झोप झाली रे... पण थकवा काही जात नाही."