आई कोणाच्या चुलीवर?

पोरांनो, जवळ सरका आणि ते मोबाइल खाली ठेवा. हे माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलंय. तो थापा मारत नाही; तेवढी अक्कलच नाही त्याला.

साडू सर्वेक्षण खात्यात आहे. घरोघर फिरून कोण कोणाबरोबर राहतं ते नोंदवायचं. नुसतं जोडपं हा एक प्रकार, जोडपं आणि मुलं हा दुसरा, सासू-सुना एकत्र असल्या की संयुक्त. एकटं माणूस असलं तरी त्याचं एक कुटुंब धरायचं. छप्पर एक असलं आणि चुली दोन असल्या, तर कुटुंबं दोन. घरोघरी गॅस आले तरी त्यांच्या खात्यात अजून चूलच म्हणतात.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शुक्रवार. अंधारून आलं होतं आणि एकच घर राहिलं होतं. लांबट, बैठं. एका टोकाला थोरला भाऊ, दुसऱ्या टोकाला धाकटा. भांडून वेगळे झालेले. दोन्हीकडे नवरा-बायको आणि मुलं. साडूचं काम चुटकीसरशी झालं. आता घरी जाऊन पाठ टेकायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

निघताना पाहतो तर मधल्या खोलीचं दार उघडं. आत खाटेवर एक म्हातारी बसलेली.

"आजी, तुम्ही कोणाकडे जेवता? थोरल्याकडे की धाकट्याकडे?"

म्हातारीनं डावीकडे पाहिलं. मग उजवीकडे. मग मान खाली घातली...

साडूला फार वाईट वाटलं, रागही आला. तरातरा थोरल्याच्या दारात गेला.

"अहो, आईचं नाव का सांगितलं नाहीत?"

"आई होय? ती धाकट्याकडे अस..." थोरला मध्येच थांबला.

आवाज ऐकून धाकटाही आला होता. "छे, आई दादाकडे..." त्याचीही जीभ अडली.

शेवटी थोरली सून भिंतीला धरून म्हणाली, "भाऊ, सासूबाईंना जाऊन वर्ष झालं. शेवटचे चार दिवस त्यांना कोणी ताट नेलंच नाही. आम्हाला वाटलं, तिकडे जेवतायत. त्यांना वाटलं, इकडे..."

साडूनं मागे वळून पाहिलं. मधल्या दाराला कुलूप होतं. गंजलेलं.

त्या रात्री त्यांनी साडूला जाऊच दिलं नाही. दोन्ही सुनांनी न बोलता एकेक ताट वाढलं. तेल घालून घालून कुलूप उघडलं. ताटं खाटेवर ठेवली. पुन्हा कुलूप. किल्ली साडूच्या उशाखाली.

झोप कुणाला येतेय? भिंतीपलीकडे भांडं वाजलं. एकदाच. मग काही नाही... धाकटा तोंडावर पांघरूण घेऊन रडत होता. थोरला नुसता बसून.

उजाडल्यावर साडूनंच दार उघडलं. एक ताट रिकामं होतं. स्वच्छ.

"जेवली?" थोरल्यानं बाहेरूनच विचारलं. त्याच्या आवाजात जीव आला होता.

साडूनं त्याला आत ओढलं आणि दुसरं ताट दाखवलं. दोन्ही घरचं जेवण त्या एकाच ताटात एकत्र करून ठेवलेलं होतं. एक घासही कमी झाला नव्हता.